पिओनीवरील करपा आणि त्याच्या निवारणाचा इतिहास

चीन देशांतील लोयांग नगरांत अकराव्या शतकांत वसंत ऋतु आला म्हणजे ओझीं वाहणारा हमालसुद्धां केंसांत फूल खोंवल्यावांचून रस्त्यानें चालत नसे. हें फूल पिओनीचें. ओयांग श्यू नांवाचा एक तरुण अधिकारी त्या काळीं ह्या नगरांत नेमणुकीवर होता. पुढें तो थोर गद्यकार, इतिहासकार व मुत्सद्दी म्हणून नांवारूपास आला. इ. स. १०३४ च्या सुमारास त्यानें लोयांगच्या पिओनींवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, उत्तमांतलीं तीन-चार फुलें दरवर्षीं राजधानीस बादशहाकडे पाठविलीं जात. देंठांचीं टोकें मेणानें बंद करून, बांबूच्या करंड्यांत हिरव्या पाल्याचा थर देऊन, तीं फुलें घोडेस्वाराच्या हवालीं करीत. आणि तो स्वार टप्प्याटप्प्यावर घोडे बदलीत एका दिवसांत व एका रात्रींत राजधानी गांठीत असे.

फुलांचे हे लाड वाचून गंमत वाटते. पण ग्रंथाचा अखेरचा भाग त्याहून मोलाचा आहे. तेथें माळ्यांच्या कामाची माहिती दिली आहे. लावणीच्या वेळीं जुनी माती सगळी काढून टाकावी आणि नव्या बारीक मातींत एका औषधी मुळीची पूड मिसळावी, कारण पिओनीचें मूळ गोड असतें व त्यास कीड लवकर लागते. फुलें पूर्वींपेक्षां लहान होऊं लागलीं तर झाडांत कीड शिरली असें समजावें. तिचीं भोंकें हुडकून मोठ्या सुईनें त्यांत गंधकाची पूड घालावी. पाणी द्यावयाचें तें सूर्योदयापूर्वीं किंवा दिवस कलल्यावर. ह्यांतील संध्याकाळची वेळ आजचा जाणता माळी पसंत करणार नाहीं. पण गंधक आणि पाण्याची वेळ ह्या दोन गोष्टी पुढील सर्व इतिहासांत पुन्हां पुन्हां भेटतात, इतकें लक्षांत ठेवावें.

महाराष्ट्रांतील बागांतून हें फूल दिसत नाहीं, ह्याचें कारण उघड आहे. पिओनीच्या मुळांवरील डोळ्यांना फुटण्यापूर्वीं कांहीं आठवडे कडक थंडीची झोंप लागते, आणि पुण्यामुंबईचा हिंवाळा त्यांना पुरत नाहीं. हिमालयांत मात्र पिओनीची एक पांढऱ्या फुलांची जात आपोआप उगवते. काश्मीरकडे तिला ममेख म्हणतात. हकिमांच्या औषधांत ऊदसलीब नांवाची जी मुळी येते तीहि पिओनीचीच. बागेंतल्या पिओनीचे ठोकळ प्रकार दोन. एक झुडुपासारखा, लांकडी खोडाचा. चिनी लोक त्याला मूदान म्हणतात आणि लोयांगचीं प्रसिद्ध फुलें तीं हींच. दुसरा प्रकार शाओयाओ. ह्याचें जमिनीवरील सारें अंग दर हिंवाळ्यांत मरतें, आणि वसंतांत जाड मुळांवरून तांबूस कोंभ नव्यानें वर येतात. युरोप-अमेरिकेंत घरोघर दिसतो तो बहुधा हा दुसरा प्रकार. एकदां नीट जागीं लावलेलें झाड पन्नास-साठ वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक, तेथल्या तेथें फुलत राहतें. आजीनें लावलेल्या पिओनीचीं फुलें नातीनें तोडावीं, ही गोष्ट त्या देशांत नवलाची नाहीं. म्हणूनच रोगाचा प्रश्न तेथें एका हंगामापुरता नसतो. वाफ्याला रोग जडला म्हणजे घरांतली एक जुनी ठेवच हातची जाण्याची भीति असते.

रोगाचें रूप असें. वसंतांत वीत-दोन वीत वाढलेला धष्टपुष्ट कोंभ एके सकाळीं अचानक मान टाकतो. बुडाशीं पाहावें तों तो काळातपकिरी होऊन कुजलेला असतो. वाटाण्याएवढ्या कळ्या काळ्या पडून देंठावरच वाळतात. ज्या कळ्या ह्यांतून वांचतात, त्या फुलल्यावर पावसानें भिजून तपकिरी लगदा होतात. तो लगदा पानावर गळून पडला कीं तेथून पानहि करपूं लागतें. दमट हवेच्या दिवशीं ह्या काळ्या भागावर राखी रंगाची बारीक लव उठते. मराठी शेतकरी ह्या दुखण्याला पाहतांक्षणीं करपा म्हणेल, आणि तें नांव चुकीचें होणार नाहीं.

ही राखी लव म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका लहान नव्हता. इटलींत फ्लॉरेन्स येथें पिएर आंतोनिओ मिकेली नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७२९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां ह्या बुरशीच्या दांडीवर द्राक्षांच्या घोसासारखे कण लोंबतांना दिसतात, म्हणून घोस ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानें तिला बॉट्रिटिस असें नांव दिलें. एवढेंच करून तो थांबला नाहीं. त्यानें बुरशीचे कण खरबूज, पेअर इत्यादि फळांच्या ताज्या फोडींवर पेरले. आणि ज्या जातीचे कण पेरावे त्याच जातीची बुरशी उगवते, असें त्यास दिसून आलें. बुरशी ही कुजण्यांतून आपोआप निर्माण होते, असें त्या काळचे शहाणे लोक मानीत. मिकेलीचा प्रयोग त्यांनीं वाचला आणि बाजूस ठेवला. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ हा घोळ चालूच राहिला.

तो मिटला एका भयंकर आपत्तीनंतर. १८४५ साली युरोपांत बटाट्याचीं शेतें काळीं पडलीं. आयर्लंडमध्यें त्यापुढील सात वर्षांत सुमारें १० लक्ष माणसें भुकेनें व रोगराईनें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्या वेळीं विलायतेंत मोठा वाद माजला. उद्यानविषयक एका वजनदार साप्ताहिकाचा संपादक जॉन लिंडली ह्याचें म्हणणें असें कीं, थंड व ओल्या हवेमुळें झाडें पाण्यानें फुगून कुजलीं आणि कुजल्यावर त्यांवर बुरशी आली. माइल्स बर्कली नांवाचा एक पाद्री होता. त्याला बुरशींचा मोठा व्यासंग. त्यानें १८४६ साली उलट प्रतिपादन केलें कीं, बुरशी हा परिणाम नसून तेंच कारण आहे. बर्कलीचा पक्ष खरा असल्याचें जर्मनींतील आंतोन डी बारी ह्यानें १८६१ साली प्रयोगांनीं सिद्ध केलें. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. बटाट्याच्या ह्या बुरशीला आरंभीं नांव मिळालें होतें तें बॉट्रिटिसचेंच. पुढें ती अगदीं निराळ्या कुळांतली ठरली व तिचें नांव बदललें. मात्र लिंडलीचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें, हेंहि न्यायानें म्हटलें पाहिजे. ओली हवा हें कारण नव्हे. पण ओलाव्यावांचून त्या कारणाचें कांहीं चालत नाहीं.

हा ओलाव्याचा धागा ज्यानें हातीं धरला, तो हॅरी मार्शल वॉर्ड हा तरुण इंग्रज शास्त्रज्ञ होय. १८६९ पासून सिलोनांतील कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडूं लागला होता. त्याच्या चौकशीसाठीं १८८० साली वॉर्डला तेथें धाडण्यांत आलें आणि दोन वर्षें तो मळ्यांतून हिंडला. तांबेऱ्याचे कण वाऱ्यानें उडून पानावर बसतात, आणि पान ओलें असेल तरच अंकुर फोडून आंत शिरतात, हें त्यानें पाहिलें. कॉफीचे मळे त्याला वांचवितां आले नाहींत. सिलोननें पुढें चहा धरला. स्वदेशीं परतल्यावर १८८८ साली त्यानें बागेंतल्या पांढऱ्या लिलीवरील एका रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिलीच्या पानांवर डाग पाडणारी ही बुरशी बॉट्रिटिसच होती. तिच्या तंतूच्या टोकाशीं एक सूक्ष्म थेंब जमतो व त्यांतील पाचक द्रव्य पेशींच्या भिंती विरघळवितें, असें त्यानें दाखविलें. एवंच ही बुरशी दार उघडें असण्याची वाट पाहत नाहीं. पानावर कांहीं तास पाणी टिकलें कीं ती स्वतःच भिंतीला भोंक पाडून घरांत येते. पिओनीच्या बागवानाला जें कांहीं करावयाचें असतें त्याचा अर्धा भाग ह्या एका शोधांत आला.

दरम्यान औषधाचा शोध दुसरीकडेच लागला, आणि तो लागला चोरांमुळें. फ्रान्समधील बोर्दो शहराजवळ द्राक्षांचे विस्तीर्ण मळे आहेत. १८७८ साली तेथें अमेरिकेहून आलेला केवडा रोग प्रथम दिसून आला. बोर्दो येथील प्राध्यापक पिएर मिल्यार्दे हा १८८२ च्या ऑक्टोबरांत सँ-ज्युलियँ ह्या गांवावरून चालला असतां त्याला एक चमत्कारिक दृश्य दिसलें. मळ्यांतल्या वेलींचीं पानें गळून गेलेलीं, पण रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र पानांनीं भरलेल्या. आणि त्या पानांवर निळसर पांढरी पुटें चढलेलीं. चौकशी करतां कळलें कीं, जाणारे-येणारे लोक द्राक्षें तोडून खातात, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना ह्यांचें पाणी शिंपडतात. विषाच्या भयानें चोर हात लावीत नाहींत. मिल्यार्देनें त्यावर दोन वर्षें प्रयोग करून १८८५ साली कृति प्रसिद्ध केली. ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यांत विरघळवावा, १५ किलो कळीचा चुना ३० लिटर पाण्यांत विझवावा, आणि दोन्ही एकत्र करावीं. हेंच तें बोर्डो मिश्रण. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांना तें नवीन नाहीं. पुढें त्याचें प्रमाण पुष्कळ सौम्य करण्यांत आलें, पण वस्तु तीच.

ताम्र हें बुरशीचें विष आहे, ही गोष्ट मात्र मिल्यार्देच्या आधीं पाऊणशें वर्षें एका माणसास ठाऊक झाली होती. फ्रान्समधील मोंतोबां येथील बेनेदिक्त प्रेव्हो ह्यानें १८०७ साली गव्हाच्या काजळीवर प्रबंध लिहिला आणि त्या रोगाचे कण मोरचुदाच्या अगदीं पातळ पाण्यांतहि अंकुर फोडीत नाहींत, असें सांगितलें. पॅरिसच्या विद्वानांनीं तो प्रबंध मान्य केला नाहीं. मधल्या काळांत आयर्लंड उपाशी मेला. ज्ञान असणें आणि तें कानावर घेतलें जाणें ह्या निराळ्या गोष्टी आहेत, ह्याचें इतकें कडू उदाहरण शेतीच्या इतिहासांत दुसरें क्वचितच सांपडेल.

आतां पिओनीकडे वळूं. चीनमधील पिओनी युरोपांत स्थिरावली ती १८ व्या शतकाच्या अखेरीस व १९ व्या शतकाच्या आरंभीं. लंडनजवळील क्यू येथील बागेंत १७८७ साली मूदानचें झाड पोंचलें. तें सर जोसेफ बँक्स ह्याच्या सांगण्यावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डॉक्टरानें पाठविलें होतें. नंतर फ्रेंच माळ्यांनीं शाओयाओ प्रकाराला हातीं धरून त्याच्या शेंकडों नव्या जाती काढल्या. १८५१ साली निघालेली फेस्टिव्हा मॅक्सिमा आणि नान्सीच्या लमॉईन घराण्यानें १९०६ साली काढलेली सारा बर्नार्ड ह्या जाती अजूनहि विकल्या जातात. ह्या नव्या जातींचा सारा डौल पाकळ्यांच्या संख्येंत होता. साध्या पिओनीला पांच-दहा पाकळ्या. ह्या फुलांत त्या शेंकड्यांनीं मोजाव्या. पण असलें भरगच्च फूल पावसांत ओल्या बोळ्यासारखें पाणी धरून ठेवतें, दिवसभर वाळत नाहीं, आणि स्वतःच्या भारानें वांकून ओल्या मातीला टेंकतें. सौंदर्यासाठीं म्हणून जें वाढविलें, तेंच बुरशीचें माहेरघर झालें. एकेरी व जपानी पद्धतीच्या फुलांना हा त्रास कमी होतो, हें लोकांच्या लक्षांत यावयास बराच काळ लागला.

जातींबरोबर मुळेंहि देशोदेशीं जाऊं लागलीं. हॉलंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ औडेमन्स ह्यानें १८९७ साली पिओनीवर पडणाऱ्या विशिष्ट बुरशीला बॉट्रिटिस पिओनी असें नांव दिलें आणि त्याचाच देशबांधव रिट्झेमा बॉस ह्यानें पुढच्याच वर्षीं तिनें होणाऱ्या रोगाचें वर्णन छापलें. आजवर कोणी न वर्णिलेला रोग, असें त्यानें त्याला म्हटलें होतें.

अमेरिकेंत ह्याच सुमारास पिओनीची मोठी हौस पसरली होती. तेथें मे महिन्याच्या अखेरीस युद्धांत पडलेल्यांच्या थडग्यांवर फुलें वाहण्याचा दिवस पाळतात. पूर्वीं तो ३० मे रोजीं येई. नेमका तोच पिओनीचा बहर. त्यामुळें फुलांची मागणी हजारों डझनांची, आणि शेतेंच्या शेतें पिओनीनें भरलेलीं. १९०३ साली तेथील हौशी व व्यापारी मंडळींनीं अमेरिकन पिओनी सोसायटी स्थापन केली. एकच जात दहा नांवांनीं विकली जात होती, तो गोंधळ मोडण्यासाठीं कॉर्नेल विद्यापीठाच्या जमिनींत जातींची पारख सुरू झाली. त्याच विद्यापीठांत १९०७ साली वनस्पतींच्या रोगांचा स्वतंत्र विभाग निघाला. अमेरिकेंतील अशा प्रकारचा तो पहिलाच. त्याचा प्रमुख हर्बर्ट व्हेट्झेल. हा मोठा धडाडीचा माणूस. रोग्याला तपासल्यावांचून औषध देणाऱ्या वैद्यासारखें वागूं नका, रोगाची दिनचर्या आधीं समजून घ्या, हा त्याच्या शिकवणीचा रोख असे. १९१५ साली त्यानें पिओनीच्या रोगांवर जें लिहिलें त्यांत हीच दृष्टि होती.

ती दिनचर्या आज सर्वमान्य झाली आहे. शरद ऋतूंत पिओनीचें वरचें अंग वाळतें. रोगट कांड्यांच्या बुडाशीं, मातीच्या पातळीवर किंवा तिच्या किंचित् खालीं, मोहरीच्या दाण्याएवढे कठीण काळे कण तयार होतात. बर्फ पडो कीं पाऊस पडो, हे कण मरत नाहींत. हिंवाळाभर ते निजून असतात. वसंतांत नेमके कोंभ वर येत असतां ते जागे होतात आणि त्यांवर उगवलेली राखी बुरशी शेजारच्या कोंवळ्या कोंभाला धरते. मेलेल्या कोंभावर नवे कण येतात, ते वाऱ्यानें व पावसाच्या शिंतोड्यांनीं कळ्यांवर जातात, कळ्यांवरून पानांवर. आणि शरदांत पुन्हां काळे दाणे. ह्या चक्राला आरंभ कोठें असेल तर तो गेल्या वर्षींच्या वाळक्या कांडींत आहे.

हें कळेपर्यंत लोक काय करीत? पान करपलें कीं पानावर औषध मारीत. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतला तो प्रकार होता. दुसरें एक कोंवळें पाप मुंग्यांच्या माथीं बसलें. पिओनीच्या कळ्यांवर गोड रस सुटतो आणि त्यावर मुंग्या जमतात. मुंग्यांनीं चाटल्यावांचून कळी उमलत नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें; मुंग्याच रोग पसरवितात, असें दुसऱ्याचें. कळी उमलण्यास मुंगीची गरज नाहीं, आणि रोगाचें खरें वाहन वारा व पाणी हें आहे. मुंगीच्या पायाला एखादा कण चिकटत असेल, पण तिला मारून करपा गेल्याचें कोणी पाहिलें नाहीं.

निवारणाचा क्रम ह्या दिनचर्येवरून आपोआप ठरतो. शरदांत पानें वाळूं लागलीं कीं सर्व कांड्या मातीच्या पातळीपर्यंत, शक्य तर किंचित् खालपर्यंत कापाव्या व वाफ्यांतला पालापाचोळा वेंचून दोन्ही बागेबाहेर न्यावीं. कोंभांच्या डोक्यावर ओलें शेणखत किंवा पाल्याची दाट दुलई घालूं नये. वसंतांत एखादा कोंभ मान टाकतांच तो कोरड्या वेळीं कापून पिशवींत घालावा. हातांत धरून बागभर मिरवूं नये. दोन झाडांत तीन-चार फूट अंतर असावें, दिवसांतून निदान सहा तास ऊन मिळावें, आणि पाणी सकाळीं व बुडाशीं द्यावें, म्हणजे शिंतोडे उडाले तरी पानें दुपारपर्यंत वाळतात. झाडें ओलीं असतां त्यांत काम करूं नये. बोर्डो मिश्रण किंवा दुसरें औषध मारावयाचें असेल तर तें कोंभ वर येतांच आरंभावें व फुलें येईपर्यंत आठ-दहा दिवसांनीं पुन्हां पुन्हां द्यावें. औषध बाहेरून कवच घालतें. आंत शिरलेल्या बुरशीला तें बाहेर ओढीत नाहीं. फुलें विकणाऱ्यांना तर त्याचा निळा डाग परवडत नसे, त्यामुळें कोयता व पिशवी ह्यांवरच त्यांना भिस्त ठेवावी लागली.

आतां ह्या इतिहासांतलें सर्वांत विलक्षण प्रकरण. पिओनीच्या पानांवर दुसराहि एक रोग येतो. फुलें येण्याच्या सुमारास पानांच्या वरच्या बाजूस जांभळट तांबडे ठिपके उठतात, देंठांवर त्याच रंगाचे पट्टे येतात, आणि उन्हाळा जसजसा दमट होत जातो तसतसे ठिपके एकांत एक मिसळून सबंध पान चकाकत्या जांभळ्या डागानें भरून जातें. गोवर आल्यासारखें दिसतें, म्हणून अमेरिकेंतले लोक ह्याला पिओनीचा गोवरच म्हणतात. झाड सहसा मरत नाहीं, पण बाग भकास दिसते. इटलींतील पार्मा येथील प्राध्यापक पासेरिनी ह्यानें १८७६ साली जिवंत पानांवरील ह्या बुरशीचें वर्णन करून तिला क्लॅडोस्पोरियम ह्या वर्गांत घातलें. इकडे जर्मनींत जॉर्ज फ्रेझेनियस ह्यानें त्याच्याहि आधीं, १९ व्या शतकाच्या मध्यास, पिओनीच्या मेलेल्या वाळक्या कांड्यांवर वाढणारी एक बुरशी टिपून ठेवली होती. तिचा आकार निराळा, उभी दांडी व वर लहानसें डोकें असलेला. म्हणून वर्ग निराळा व नांवहि निराळें. एक उन्हाळ्यांत जिवंत पानावर राहणारी, दुसरी हिंवाळ्यानंतर मृत कांडीवर दिसणारी. दोघींचा कांहीं संबंध असावा अशी शंका मधून मधून कोणा कोणास येई, पण पुस्तकांतून त्या दोन म्हणूनच नांदत राहिल्या.

२००७ साली युरोपांतील संशोधकांनीं दोघींचें अनुवंशद्रव्य तपासलें, तेव्हां त्या दोन नसून एकच आहेत असें सिद्ध झालें. तीच बुरशी उन्हाळ्यांत एक वेष घेते आणि मेलेल्या कांडीवर दुसरा. म्हणजे गोवराचेंहि बिऱ्हाड हिंवाळ्यांत तेथेंच असतें, जेथें करप्याचें असतें. कांड्या कापून नेल्यानें ठिपके कमी होतात, हा जुन्या माळ्यांचा अनुभव होता. त्याची उपपत्ति हातीं यावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

दमट उन्हाळ्याच्या प्रदेशांत बागवानाची खरी परीक्षा होते ती फुलें संपल्यावर. जुलै-ऑगस्टांत अमेरिकेच्या पूर्व भागांत किंवा जपानांत हवा इतकी ओली असते कीं सकाळचें दंव दहा वाजेपर्यंत पानावरून हलत नाहीं. ठिपके भराभर वाढतात. अशा वेळीं मनांत येतें कीं, हा सारा विद्रूप पाला आत्तांच कापून टाकावा. पण त्यांत मोठा धोका आहे. पुढच्या वर्षींचे डोळे ह्याच महिन्यांत मुळांवर भरत असतात आणि त्यांचें अन्न हींच पानें शिजवितात. भर उन्हाळ्यांत झाड बोडकें केलें तर रोग जाईल, पण पुढच्या वसंतांतलें फूलहि जाईल. म्हणून वाळलेल्या पाकळ्या, कळ्यांचीं बोंडें आणि अगदीं करपलेलीं पानें तेवढीं काढावीं, व बाकी ठिपक्यांचा पाला शरदापर्यंत सहन करावा. ही तडजोड आहे, आणि ती मन मारूनच करावी लागते. अलीकडे ह्या दिवसांत भुरीहि पिओनीवर पुष्कळ दिसूं लागली आहे. भुरीला पान ओलें असावें लागत नाहीं, हवा दमट असली तरी पुरतें. गर्दी मोडून वारा खेळतां ठेवणें हा तिच्यावरील पहिला इलाज. गंधक हा दुसरा, पण तो कडक उन्हाच्या दिवसांत मारला तर पानच भाजतो.

मधल्या काळांत ह्या साफसफाईच्या कामाला कंटाळलेल्या लोकांना एक आशा वाटली होती. १९७० च्या सुमारास बेनोमिल नांवाचें नवें औषध बाजारांत आलें. तें पानाच्या आंत शिरे, डाग पाडीत नसे, आणि थोडक्यांत काम करी. कोयत्याचे दिवस संपले असें पुष्कळांनीं मानलें. पण १९७१ सालींच हॉलंडमधील कांचेच्या घरांत वाढविलेल्या सायक्लामेन फुलांवर अशी बॉट्रिटिस आढळली कीं तिला ह्या औषधाचें कांहींच वाटत नव्हतें. जे थोडे कण जात्याच औषधाला दाद देणारे नव्हते ते मागें उरले, आणि सारें शेत त्यांच्याच संततीनें भरलें. थोड्याच वर्षांत ही गोष्ट इतर पिकांवरहि दिसूं लागली; २००१ साली मूळ उत्पादकानें तें औषध बनविणें बंद केलें. ताम्राला बुरशी इतक्या सहज सरावत नाहीं, पण ताम्र मातींत सांचतें. बोर्दोच्या मळ्यांत शंभर वर्षांच्या फवारणीनें तें इतकें सांचलें कीं युरोपीय संघानें २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षां अधिक ताम्र घालण्यास मनाई केली.

त्यामुळें पिओनीच्या बागांतून पहिल्या थंडीनंतरचें काम आजहि पूर्वींसारखेंच चालतें. एकेक झाड वांकून कापावयाचें, बुडाशीं काळे दाणे दिसतात का पाहावयाचें, आणि दोन झाडांच्या मध्यें कोयत्याचें पातें स्पिरिटनें पुसावयाचें. कापलेल्या कांड्या घरच्या खताच्या खड्ड्यांत टाकीत नाहींत, कारण लहान खड्ड्याची ऊब ह्या दाण्यांना मारण्यास पुरत नाहीं. खेड्यांत त्या जाळतात. जेथें धूर करण्यास बंदी आहे त्या शहरांत पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीबरोबर बाहेर पाठवितात.